दसरूच्या हाताची मूठ

आलापल्लीच्या बाजारात शफीचं खरादीचं दुकान होतं. पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे हे त्याचं रोजचं काम. सुट्टीच्या दिवशी तो नदीवर गळ टाकायला जायचा. तिथंच त्याची दसरूशी गाठ पडली. दसरू जंगलातल्या गावचा गोंड. दोघं शेजारी बसायचे, बोलायचे फार थोडं. पण एकाला यायला उशीर झाला तर दुसरा वाटेकडे बघत राहायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मोह वेचताना अस्वलानं दसरूला गाठलं. गडचिरोलीच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा डावा खांदा कामातून गेला होता आणि उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. शफी भेटायला गेला. दसरू अंगणात बसून होता.

"शफीभाऊ, आता नदी नुसती पाहाची," तो म्हणाला.

शफीनं ओल्या मातीच्या गोळ्यावर त्याचा हात दाबून घेतला आणि तो ठसा दुकानात नेला. गळाच्या काठीला पहिली मूठ सागवानाची केली. ती जड झाली, हातातून निसटली. दुसरी पांगाऱ्याची, हलकी. अंगठ्यासाठी खोबण, करंगळी अडकवायला कड, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर. हातात ती छान बसली, पण बांबूचं टोक खाली ओढायचं आणि मनगट भरून यायचं. दसरूनं काठी खाली ठेवली. मग शफीनं मुठीच्या मागच्या बाजूला भोक पाडलं आणि नदीकाठीच बसून त्यात शिशाचे तुकडे ठोकत गेला. शेवटी काठी दसरूच्या अंगठ्यावर तोलून राहिली.

त्या दिवशी दसरूला एक मरळ लागली. ती काठावर ओढून घेतल्यावर तो कितीतरी वेळ आपल्या हाताकडेच बघत होता.

पावसाळ्यात त्याला हिवताप चढला. बायको सोमारीनं आणि भावानं त्याला बाजेवर घालून सडकेकडे नेलं, पण मधल्या नाल्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत दसरू राहिला नाही.

शफी पोचला तेव्हा खड्डा खणून झाला होता. सोमारी काठी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्यांच्यात माणसाची वस्तू त्याच्यासोबत देतात. पण ही शफीच्या हातची, म्हणून तिनं विचारलं, "भाऊ, तुले पाह्यजे का?"

शफीनं मुठीच्या खोबणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "त्याच्याजोळच ठेव बाई. दुसऱ्याच्या हातात ते बसत नाई."

पुढं तो नदीवर गेला नाही. कोणी गळाच्या काठीला मूठ करून मागितली तर करून द्यायचा, पण ती कशी चालते हे बघायला जायचा नाही. सोमारी चारोळी विकायला बाजारात यायची तेव्हा दुकानाच्या सावलीत टेकायची. शफीची बायको अमिना तिला चहा द्यायची. मग तिघं पावसाचं बोलायचे, पोरांचं बोलायचे. दसरूचं नाव कोणी काढत नसे.