मामांची डावी मिशी

धारवाल्या मामांच्या मिशीची उजवी बाजू पैलवानाला शोभेल अशी होती आणि डावी बाजू नुकत्याच दहावी झालेल्या पोराची. नव्या माणसाला वाटायचं, मामा आजारातून उठलेत. आम्हा सोलापूरच्या सलूनवाल्यांना मात्र ती अर्धी मिशी सरकारी शिक्क्यापेक्षा पक्की. कात्रीला धार लावून झाली की मामा डाव्या मिशीचे दोन केस तिच्यात धरायचे. आवाज न करता पडले तर कात्री पास. जरा ओढ लागली की पुन्हा दगडावर. "गिऱ्हाइकाच्या आदी मला दुखलं पायजे की," म्हणायचे.

त्यांच्या धारेबद्दल मी सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते विचारू नये. एकदा ताजी धार लावलेली कात्री मी खिडकीत ठेवली, तर दुपारचं ऊन दोन तुकडे होऊन आत आलं. एक गिऱ्हाईक कटिंग करून घरी गेलं, जेवलं, झोपलं, आणि सकाळी उशीवर केस पडले तेव्हा त्याला कळलं की आपलं डोकं कालच कापलं गेलंय.

धार लावण्यापेक्षा मामांना कात्री सांभाळायला शिकवण्याची हौस जास्त. प्रत्येक डोक्यानंतर पुसायची. रोज स्क्रूपाशी तेलाचा एकच थेंब, "भजी तळायची न्हाईत." कात्री उघडून एक पातं सोडून द्यायचं, ते सावकाश खाली येऊन मध्येच थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर स्क्रू ढिला. मी एकदा कात्रीनं शांपूची पुडी कापताना सापडलो. आठ दिवस मामा बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "भाचेराव, पुडीनं काय भागतंय? बायकोला भेंडी बी चिरून द्या की!"

सगळ्यात कडक नियम आतल्या अंगाचा. चांगल्या कात्रीचं पातं आतून सपाट दिसतं, पण किंचित खोलगट असतं. तो खोलगटपणा घासला गेला की कात्री मेली. मग ती केस कापत नाही, दुमडते आणि ओढते. मामा परत देण्याआधी डोळे मिटून आतून अंगठा फिरवायचे. "डोळा फसतो, आंगठा न्हाय फसत."

माझी जपानी कात्री मी मोटरसायकल विकून घेतली होती. लोक हसले. मी पायी फिरलो, पण त्या कात्रीच्या जिवावर माझी खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. वर्षातून एकदाच ती धारेला जायची, तीही मामांकडेच. मामांनी प्रत्येक सलूनवाल्याला चादरीचा एकेक तुकडा ठरवून दिला होता, कात्री गुंडाळायला. माझा हिरवा, मोरवाला.

गेल्या वर्षी एके दिवशी मामा माझ्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "मिशी जरा काप. डावीच. उजवीला हात लावू नको." मी म्हटलं, "मामा, धंद्याची जाहिरात आता आमच्याकडून?" ते हसले. मग दर पंधरा दिवसांनी यायला लागले. माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट दोन-तीन सलूनवाले तक्रार घेऊन आले, मामांची धार पहिल्यासारखी राहिली नाही म्हणून, तर मीच त्यांच्यावर चढलो. "धार गेली नाही, तुमचा हात जड झालाय! त्यांची मिशी बघा जाऊन!"

जी मिशी मीच कापली होती.

माझी कात्री मामांकडे देऊन दोन दिवस झाले होते. बायकोनं मिक्सरचं भांडं हातात दिलं, पाती बोथट झाली म्हणून. जुळे सोलापूर भागात मिक्सरची पाती, सुऱ्या, विळ्या घासून देणारा एक जण मशीन घेऊन बसतो, तिकडे गेलो. त्याच्या टेबलावर चादरीचे सात-आठ तुकडे, आणि त्यात माझा हिरवा मोर.

"ही कात्री कुणाची?" मी विचारलं.

"धारवाले मामा पाठवत्यात की. त्यांना मोतीबिंदू हाय न्हवं, दिसत न्हाय. आट म्हयने झाले," तो कौतुकानं म्हणाला. "ही आत्ताच केली बगा. आतनं-बाहेरनं, दोनी बाजूंनी एकदम चकाचक!"

मिक्सरचं भांडं मी तिथंच विसरलो.

मामांना मात्र काही बोललो नाही. म्हटलं, ते स्वतः सांगतील. त्यांच्या दिसण्या-न दिसण्याचा मला राग नव्हता. एका शब्दानं बोलले असते तर त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं आणि कात्रीवर पाणी सोडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिशी कापायला आले. मी दुसऱ्या कात्रीनं कापली. संध्याकाळी त्यांच्या दुकानात गेलो. मामांनी हिरवा मोर उलगडला, डोळे मिटले, पात्याच्या आतून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. मग त्यांनी कात्री गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि डाव्या मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "घे भाच्या. वर्सभर बगायचं काम न्हाय."

राईचा पर्वत करून सांगणारा मी. ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तक्रार घेऊन आलेल्यांनाही नाही. मामांकडे जाणं तेवढं बंद केलं.

दोन महिन्यांनी मामांच्या लेकीनं त्यांना आपल्या घरी होटगीला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी ते चाचपडत माझ्या खुर्चीपर्यंत आले. "दोनी बाजू सारक्या कर," म्हणाले. "आता कुणाला दाकवायची हाय?"

मी खण उघडला. चांगली कात्री वरच होती. मी खालचा हिरवा मोर उलगडला.

पहिलाच केस दुमडला आणि ओढला गेला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात वर केला, माझ्या हातातली कात्री धरली, आतून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली.

"त्या दिवशीच कळलं होतं ना, मामा?" मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि मान ताठ करून बसले.

मी पूर्ण मिशी त्याच कात्रीनं कापली. अर्धा तास लागला. मामा जागचे हलले नाहीत.