प्रसाद मिळेपर्यंत

माझा देवावर राग होता, असं म्हणणंही खरं होणार नाही. रागवायला समोर कोणीतरी असावं लागतं, आणि त्या वर्षी मला समोर कोणीच दिसत नव्हतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे नातेवाइकांना वाटायचं की हिला सगळं समजतं. मला काहीच समजत नव्हतं. आईच्या डोळ्यांच्या पडद्यात साखरेच्या आजारामुळे रक्त उतरू लागलं होतं. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, की उपचार करून पाहू, पण नजर किती टिकेल ते सांगता येत नाही. काही बघायचं मनात असेल तर त्यांना बघून घेऊ द्या.

मी आईला हे सांगितलं नाही. तरी तिला कळलं असावं. घरी येताना ऑटोत ती रस्त्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "मले काही पाहाचं नाही वं आता. बेबीचं तोंड तेवढं एकदा दिसलं असतं."

बेबी म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला ताई म्हणायची. ताईला बोलता येत नव्हतं. अंघोळ, कपडे, जेवण, सगळं कोणीतरी करून द्यावं लागायचं. बाबा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, आणि आई लोकांकडे स्वयंपाकाला. ताई मोठी झाली तशी दार उघडं दिसलं की रुळांच्या दिशेने चालू लागायची. शेवटी तिला आमच्या रायपूरच्याच ब्राह्मणपाऱ्यातल्या एका संस्थेत ठेवलं. तिथल्या पाटीवर त्या काळी 'मतिमंद' असाच शब्द होता. तिथेच ती तापाने गेली. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, रस्त्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. मी तेव्हा शाळेत होते. ताईचा एकही फोटो आमच्याकडे नाही. नागपूरला, अमरावतीला नात्यातली लग्नं व्हायची, तेव्हा कोणीतरी तिला घेऊन घरी थांबायचं. त्यामुळे आमच्या कुठल्याच अल्बममध्ये ती नाही.

आमच्या घरची एक रीत होती. नैवेद्य दाखवला की जो घरात नसेल त्याचा वाटा आधी काढायचा. बाबांची कामाची पाळी असली की त्यांचा वाटा फळीवर वाटीत झाकून ठेवलेला असायचा. बाबा आल्यावर आधी तो तोंडात टाकायचे आणि मगच बूट काढायचे. ताई गेल्यावर आईने देवापुढे दिवा लावणं सोडलं नाही, पण नैवेद्य दाखवणं सोडलं. बाबांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वाटा कोणाचा काढू?" नंतर कोणी विचारलं नाही.

आईच्या मनात आणखी एक गोष्ट रुतून बसली होती. आपण लेकीला तिथे टाकून आलो आणि ती आपल्याला विसरून गेली, असं तिला वाटायचं. रविवारी भेटायला गेलो की ताई आईकडे बघायचीही नाही, खिडकीचा गज धरून उभी राहायची. आई तिचे केस विंचरायची, फ्रॉक बदलायची. फ्रॉकच्या खिशात दरवेळी काहीतरी चिकट, कुसकरलेलं निघायचं आणि त्याला मुंग्या लागलेल्या असायच्या. आई खिसा उलटा करून अंगणात झटकायची आणि तिथल्या आयाबाईला बोलायची, "कपडे तरी पाहात जा ना बाई लेकराचे!" परतताना बसमध्ये ती डोळ्यांना पदर लावायची.

डॉक्टरांनी ते सांगितलं त्याच सुमारास कॉलेजच्या सेवा योजनेतून आम्हाला कामं वाटून दिली जात होती. त्या यादीत ही संस्था होती. संस्थेचं बिऱ्हाड जुन्या घरातून हलणार होतं, अभनपूरच्या बाजूला, जिथे राजधानीचं नवं शहर बांधलं जात होतं. हलण्याआधी कोठीतल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट बघून त्यातल्या चांगल्या सीडीवर उतरवून घ्यायच्या होत्या. मी हात वर केला. मैत्रीण म्हणाली, "अरे यार, वहाँ क्यों? अस्पताल वाला ले, एसी है." मी संस्थेच्या नावापुढे सही करून टाकली.

संस्थेच्या प्रमुख ब्राह्मणपाऱ्यातल्याच एक मराठी बाई होत्या. सगळे त्यांना बडी दीदी म्हणायचे. त्यांनी मला लगेच ओळखलं. "तू बेबीची बहीण ना? नाक तसंच आहे," एवढंच म्हणाल्या आणि कोठीची किल्ली दिली.

कोठीत ओल होती. कॅसेटच्या काचेतून आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसायची. सहली, खेळ, राखीपौर्णिमा, पाहुण्यांच्या भेटी, व्यायाम शिकवतानाची चित्रं. मऊ कापडाने पुसून एकेक कॅसेट मशीनमध्ये घालायची आणि टीव्हीसमोर बसायचं. कित्येक कॅसेटमध्ये नुसत्या रेघा होत्या. कुठे चित्र होतं आणि आवाज नव्हता. ज्या मुलांना मी बघत होते त्यातली काही आता केस पिकलेली माणसं होऊन बाहेरच्या ओसरीवर बसली होती, आणि काही नव्हती. प्रत्येक चेहऱ्यात मी ताईला शोधायची. कॅसेट संपली की पुढची घालायची.

मी एकटी बसायची नाही. सुखमती असायची. ती ताईच्याच खोलीत राहायची, आता चाळिशीच्या पुढे गेली होती. पहिल्याच दिवशी तिने आपली चटई टीव्हीसमोर आणून टाकली आणि मला बाजूला सरकवलं. पडद्यावर कोणी ओळखीचं आलं की टाळी वाजवायची. मी डबा उघडला की आत डोकावून, "भाजी अच्छी नहीं है," असं सांगून मोकळी व्हायची. पण चित्र संपल्यावर मी मशीन बंद करायला गेले की माझा हात धरायची आणि आपला पंजा पुढे करायची. "परसाद."

मला काही कळेना. बडी दीदींनी सांगितलं, "अगं, आमची जुनी पद्धत आहे. प्रार्थना असो, सिनेमा असो, पाहुण्यांचं भाषण असो, प्रसाद हातात पडल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पूर्वी मध्येच उठून पोरं रस्त्यावर जायची. वेळ काय ते ह्यांना समजत नाही, पण हातावर दाणे पडले की संपलं, हे समजतं. त्याशिवाय सुखमती तुला उठू देणार नाही."

म्हणून मी येताना रस्त्यातल्या देवळासमोरून इलायचीदाण्यांची, त्या साखरेच्या पांढऱ्या दाण्यांची, पुडी घेऊन जवळ ठेवू लागले. चार दाणे सुखमतीच्या हातावर ठेवायचे, ती डोळे मिटून ते कपाळाला लावून खायची, आणि मग मला बटण दाबायची परवानगी मिळायची. खरं सांगते, मला त्यात भक्ती वगैरे काही वाटत नव्हती. ती एक लाच होती.

दिवस जात होते. आईला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. तांदूळ निवडताना खडे हाताने चाचपायची. मी काय शोधते आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं, आशा लावून मोडायची भीती वाटत होती. एका संध्याकाळी निघता निघता कोठीतल्या पेटीच्या तळाशी बडी दीदींच्या अक्षरात 'गणपती उत्सव' लिहिलेली एक कॅसेट सापडली. ताई तिथे होती तेव्हाचीच असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना त्या देवळासमोर मी थांबले. आत गेले नाही. बाहेरूनच म्हटलं, की असशील तर एवढं कर. असं म्हटल्याचीही मग लाज वाटली.

दुपारी ती कॅसेट लावली. गणपती नव्हताच. मांडव, हारतुरे, आणि माइकवर एक पुढारी. नव्या राज्यात काय काय होणार आहे ते सांगत होते. मी धावत बडी दीदींना बोलावलं. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या.

"हे बाई आमचंच काम," त्या म्हणाल्या. "कॅसेट पुरायच्या नाहीत. एकीवरच दुसरं घ्यायचो. हे पाहुणे अचानक आले, नवी नव्हती, म्हणून गणपतीची घातली. वाटलं, गणपती काय, दरवर्षी येतोच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरं दरवर्षी नसतात, हे नाही सुचलं बघ."

त्या निघून गेल्या. भाषण चालू राहिलं. मला रडू आलं नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं. आपण बाहेरून का होईना देवाकडे मागितलं आणि त्याने त्याच जागेवर एक भाषण दाखवलं, असं वाटलं. टाळ्या झाल्या, आभार झाले, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. मी उठले. सुखमतीने माझं मनगट धरलं.

"परसाद."

पुडीत हात घातला. पुडी रिकामी होती. सकाळी देवळासमोरून मी दाणे न घेताच पुढे गेले होते.

"कल दूँगी, दीदी. दुगुना दूँगी."

"नहीं. परसाद नहीं मिला. बइठ." तिने मला खाली ओढलं. आणि मग, मी रडवेली झाले आहे हे पाहून असेल, तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तो सोडलाच नाही. मला भांडायचं त्राण नव्हतं. मी बसून राहिले. आम्ही दोघी पडद्यावरच्या खरखरीकडे बघत होतो. ती काय बघत होती, मला माहीत नाही. मी काहीच बघत नव्हते.

चित्र एकदा हललं, वर सरकलं, आणि आरती ऐकू आली. आरतीचं शेवटचं कडवं. भाषण कॅसेटपेक्षा छोटं होतं. त्याच्यापुढे जुनं जे होतं ते तसंच राहिलं होतं.

सुखमती ओरडली, "बेबी!" तिला माझ्याआधी दिसली. हिरवा फ्रॉक, उवा होतात म्हणून मुलासारखे कापलेले केस, भिंतीला टेकून बसलेली माझी ताई. ती टाळ्या वाजवत नव्हती. थाळी फिरत तिच्यापर्यंत आली, तिच्या हातावर लाडू पडला. तिने तो दोन्ही हातांनी मोडला. अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा मुठीत धरून जरा वेळ बघितला, फ्रॉकच्या खिशात घातला, आणि वरून तळव्याने दोनदा थोपटला. कॅमेऱ्यामागून कोणीतरी हसत विचारलं, "वो किसके लिए रख रही है रे?" आम्ही रविवारी ज्यातून आत यायचो त्या फाटकाकडे ताईने मान वळवून बघितलं. तिथेच कॅसेट संपली.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेले. काय दाखवणार ते सांगितलं होतं, पण खिशाचं बोलले नव्हते. ते माझ्याने बोलवलं नाही. आईला टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं. सुखमतीने कधी नव्हे ती आपली चटई सोडली. आई एक डोळा मिटून, मान तिरपी करून बघत होती. ताई दिसली तेव्हा तिने काच चाचपली. ताईने खिसा थोपटला तेव्हा आईचा हात काचेवरच थांबला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावलं.

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर ती म्हणाली, "माह्यासाठी ठेवत होती वं ते. अन् मी झटकून टाकत होती. दर रविवारी." आईने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून रडली. ताई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. सुखमती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मग, आईचं रडणं जरा ओसरल्यावर, तिने आपला पंजा आईसमोर धरला. "परसाद."

त्या दिवशी मी दाणे आणले होते. आईने पुडी माझ्याकडून घेतली. सुखमतीला दिले, दारात उभ्या असलेल्या बडी दीदींना दिले, मला दिले. चाचपडत, पण सगळ्यांच्या हातावर. दोन दाणे तिच्या तळहातावर उरले. एक तिने खाल्ला. साखर आहे आई, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरा तिने पदराच्या टोकाला बांधला, आणि घरी आल्यावर फळीवरची वाटी काढून, धुऊन, त्यात ठेवून झाकला. बाबा कामावरून आले, वाटी बघून दारातच थांबले.

आईची नजर वाचली नाही. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. ती सीडी आम्ही पुन्हा फार वेळा लावलीही नाही. पण संध्याकाळी नैवेद्य दाखवला जातो आणि वाटा निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आई अंगणात मुंग्यांना घालते, हलक्या हाताने, न झटकता.

ह्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही. पुडी मी विसरले होते, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. मी मागितलं ते मिळालं, पण ते ज्या जागी होतं तिथपर्यंत मी माझ्या बळावर पोचले नव्हते. मी तर उठून चालले होते. मला बसवून ठेवलं गेलं. ज्याने बसवलं त्याला, आणि जिच्या हाताने बसवलं तिला, मी रोज हात जोडते. आजही पुष्कळदा वाटतं, की संपलं, आता इथे काही नाही. तेव्हा मनगटावर ती घट्ट पकड जाणवते, आणि बटणाकडे गेलेला हात मी मांडीवर ठेवून देते.