दुसरा बैल

माफ करा, मी लिहायला बसले आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि आमदार भाऊंविषयी लिहावं एवढी मी कुणी नाही. भाऊंच्या स्मरणिकेत मोठी माणसं लिहितील. रस्ते, बंधारे, विधानसभेतली भाषणं. ते सगळं खरं आहे. आमच्या गावच्या मुली सकाळच्या ज्या एसटीने सेलूला शिकायला जातात, ती भाऊंनीच सुरू करून घेतली. मला फक्त एका बैलाविषयी लिहायचं आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

दहावी झाल्यावर बाबा मला घेऊन भाऊंच्या सेलूच्या बंगल्यावर गेले. मला परभणीच्या वसतिगृहात जागा हवी होती. बाबांनी बांधावरचे आंबे पिशवीत घेतले होते. तो बांध भाऊंचा आणि आमचा सामाईक. झाडही सामाईक. हॉलमध्ये मुंबईचे पाहुणे बसले होते.

"रामराम भाऊ," बाबा म्हणाले.

भाऊ पाहुण्यांकडे बघून हसले. "हा आमचा जुना गडी. लय इमानदार माणूस." मग आत आवाज दिला, "याला बाहेर चहा द्या रे."

बाबाही हसले. बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसून त्यांनी चहा घेतला. माझा कप तसाच हातात निवला.

गडी म्हणजे सालावर ठेवलेला माणूस. त्यात कमीपणा नाही. राबून खाणाऱ्याला कसली लाज? पण बाबा भाऊंचे गडी नव्हते. दोघांची सावड होती. भाऊंच्या घरी एक बैल, आमच्या घरी एक. एका बैलाने औत चालत नाही, म्हणून दोन घरांची मिळून एक जोडी. आज त्यांच्या रानात, उद्या आमच्या. सावडीत मालक कुणी नसतो. दुपारी दोघं एकाच फडक्यातली भाकर खायचे.

भाऊ सरपंच झाले, मग झेडपीत गेले. आमदारकीला पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ऐन रब्बीच्या पेरणीत प्रचार आला. बाबांनी दोन्ही बैल घेऊन आधी भाऊंचं रान पेरलं. तोवर आमच्या रानातली ओल उडून गेली. त्या साली आमची ज्वारी ठिकठिकाणी उगवलीच नाही. आई चिडली. बाबा म्हणाले, "सावडीत पुढंमागं व्हतंच. तो निवडून आला म्हंजी आपल्याच घरचं कुनी मुंबईला गेलं."

भाऊ निवडून आले. नंतर प्रत्येक सभेत ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "मी एका बैलावर शेती केलेला मानूस हाय!" लोक टाळ्या वाजवायचे. बाबा सगळ्यात जोरात. दुसरा बैल कुणाचा होता, हे कुणी विचारलं नाही.

बंगल्यावरून परत येताना एसटीत मी विचारलं, "बाबा, तुमी त्यांचे गडी व्हतात का?"

"मोठ्या मान्सांत तसं म्हनावं लागतं बाई."

"मंग तुमी बी का न्हाई म्हनलात, हा माझा गडी म्हनून?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मला वसतिगृह मिळालं. भाऊंनीच फोन केला होता. मी अजून त्याच खोलीत राहते. हे लपवावं असं मला वाटत नाही. त्यामुळेच जास्त दुखतं.

गेल्या वर्षी गावातल्या सभामंडपाचं उद्घाटन होतं. मी बायकांत बसले होते. भाऊंनी एका बैलाची गोष्ट सांगितली. मग माइकवरच मला हाक मारली, "आमच्या गड्याची पोरगी बी आता कॉलेजात शिकायलीय. ये बाई वर, सत्कार घे."

शाल उलगडून तयार होती. मी उठले, पण गेले नाही.

"मी गड्याची पोरगी न्हाई. माझे बाबा तुमच्या सावडीत व्हते. दुसरा बैल आमचा व्हता."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, खाली बस!" भाऊ हसले. "शिकलं की आसं तोंड फुटतं बगा." सगळा मंडप हसला. मी बाहेर आले.

बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. "आमच्या दोघांत तू कशाला पडलीस?" एवढंच म्हणाले. वेळअमावस्येच्या सणाला रानात जेवणं होती तेव्हा त्यांनी भाऊंसाठी एक पत्रावळ बाजूला काढून ठेवली. दरवर्षी ठेवायचे. भाऊ आले नाहीत. आमच्याकडे येणं गावानेही सोडलं होतं.

आता स्मरणिका समितीचे काका फोनवर म्हणाले, "गावातली कॉलेजात गेलेली पैली पोरगी तू, लिही. पन सभामंडपातलं तेवढं लिहू नको." मी तेच लिहिलं आहे. छापलं नाहीत तर वर्षश्राद्धाला त्याच मंडपात उभी राहून वाचून दाखवीन.

भाऊ गेल्याचं मी वसतिगृहात मोबाईलवर बघितलं. वाटलं, बाबा अंत्ययात्रेला गेले असतील. गावातून जीपा भरून लोक गेले होते. अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावी आले. घराला कुलूप. आई मामाकडे. मी रानात गेले. बाबा राखणीच्या माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकत होते. ज्वारी हुरड्यात आली होती, म्हणून ते मुक्कामालाच रानात होते.

मी बांधावरून सांगितलं. "बाबा, भाऊ गेले."

गोफण थांबली. "कवा?"

"परवा."

"माती झाली?"

"झाली. काल."

बाबा माळ्यावरून उतरले. बांधावरच्या आंब्याला टेकून बसले. पाखरं कणसांवर उतरली. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"मला कुनीच सांगितलं न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू बोललीस त्याच्यानं?"

"व्हय बाबा. आन् मी परत बोलनार हाय."