कॅसेटची दुसरी बाजू

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याची कॉलेजं गाजवणाऱ्या आपल्या इथल्या रॉक बँडची शेवटची कॅसेट अजून नीट वाजते. त्यांचा ड्रमर अनिल याने आज दुपारी फोनवर तशी खात्री दिली आणि मी ऐकायला त्याच्या घरी गेलो.

मित्रांनो, या कॅसेटबद्दल तेव्हा मी पेपरात लिहिलं होतं, 'गायक थकलाय.' त्यानंतर गायक सुधाकर असोद्याला केळीच्या शेतीत गेला, पुन्हा गायलाच नाही.

आज कळलं, पहिल्या बाजूला कापसाच्या जिनिंग मिलमधून दमून घरी येणारा माणूस गातो. दुसऱ्या बाजूला तोच सकाळी उठतो आणि आवाज असा मोकळा सुटतो की माझी मान खाली गेली.

अनिलला खरं सांगून टाकलं. त्या दिवशी वीज गेली, मजकूर द्यायची वेळ झाली होती. दुसरी बाजू मी ऐकलीच नव्हती.

"म्हणजे अर्ध्या ताटावरून उठलास आणि स्वयंपाकाला नावं ठेवलीस?" तो म्हणाला.

घाईत लिहिलेलं असं आणखी किती असेल, ते शोधायचीही आता ताकद नाही.

सुधाकरने माझ्या त्या लिखाणाचं कात्रण जपून ठेवलंय म्हणे. रविवारी तो अनिलकडे येतोय, मीही जाणार आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलला असता?