कोल्हारमध्ये एकही कोल्हारकर नाही

मित्रहो, मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका मूळ गावच्या भावकीला द्यावी, या इच्छेने आज सकाळी मी कोल्हारला गेलो. दोन तास विचारपूस केली. आमच्या कोल्हारकर आडनावाचे एकही घर सापडले नाही.

शेवटी गावच्या सहकारी सोसायटीच्या दारात बसलेले एक आजोबा हसले. "साहेब, गावात ऱ्हाऊन गावाचं नाव कोन लावतं? गाव सोडलं की बाहेरचे लोक कोल्हारकर म्हनत्यात. पनजोबा कोन तुमचे?"

"गणपतराव. ते संगमनेरला गेले."

"अरं, मंग तू आमचा शिंदेच की! गणपत आमच्या आज्याचा धाकटा भाऊ. आन ती पत्रिका काय खिशातच ठेवनार व्हय?"

पत्रिका त्यांच्याच हाती दिली. आता लग्नाला शिंद्यांची बारा घरे येणार आहेत.

तुमचे आडनाव तुम्हाला कोणी दिले, हे कधी विचारले आहे का?