डोहात धुतलेला पंप

उंद्रीहून एसटी धरली, खामगावला गाडी बदलली आणि दुपारी वडनेर भोलजीला ताईकडे पोचले. वाटेत सगळी काळी सपाट जमीन, दोन्हीकडे कपाशी. शेजारच्या बाईने कुठे चाललात म्हणून विचारलं, तेवढंच बोलणं झालं. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही.

ताई शेतातच होती. भाटवे (बहिणीचे यजमान) कपाशीवर फवारणी करत होते. बांधावर वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. पाहुणीने रिकामं बसू नये, म्हणून फवारणी संपल्यावर पंप मीच उचलला. तळाशी औषध उरलं होतं. ते शेताखालच्या डोहात ओतलं आणि पंप तिथेच खळखळून धुतला.

"पाहुनी कामाची हाये," भाटवे म्हणाले.

सकाळी डोहावर गर्दी. मासोया (मासळ्या) वर येऊन तोंडं उघडत होत्या, वाकड्यातिकड्या फिरत होत्या. कितीतरी उताण्या पडल्या होत्या. बायका हसत हसत गोळा करत होत्या. याच डोहात जाळं टाकून पोट भरणाऱ्या सुमनबाईची टोपली भरली होती.

"आज जाळंबी भिजवा लागलं नाई," ती म्हणाली.

काल पंप इथेच धुतला, हे मी ताईच्या कानात सांगितलं.

"गप राय," ती कुजबुजली. "तू उद्या जाशीन. मले इथंच राहा लागते."

सुमनबाई टोपली घेऊन बाजाराकडे निघाली. मी मागे गेले. हाक मारायला आवाज फुटेना, म्हणून तिचा पदर धरला.

"विकू नका, मावशी. औषधाचा पंप म्या धुतला इथं."

तिने टोपली खाली ठेवली. "काऊन धुतला व बाई?"

"आमच्याकडं असाच धुतेत."

"आमच्याकडंबी तसाच धुतेत. पन धुनारं सांगाले येत नाई." टोपली उचलून म्हणाली, "चाल आता. तिघींनी घरी नेल्या हायेत. मी सांगतलं तं म्हनतीन, इलेच साऱ्या पायजेत."

पहिल्या घरी मी नीट बोलूही शकले नाही, पण त्या बाईला समजलं. दुसऱ्या घरी मसाला वाटून झाला होता. तिथली म्हातारी म्हणाली, "मसाला आता तूच चाट." पण मासे तिने परत दिले. तिसऱ्या घरी पोचलो तर ताई आधीच दारात उभी, हातात माशांचं पातेलं.

"सांगतलं म्या," एवढंच ती म्हणाली.

सगळे मासे खड्ड्यात पुरले. त्या डोहात पुन्हा मासे कधी होतील, तोवर सुमनबाई काय करेल, हे तिला विचारायचं माझं धाडस झालं नाही. परतीच्या एसटीत तेच मनात होतं.

घरी आले तेव्हा आमचे यजमान पंप घेऊन ओढ्याकडे निघाले होते. मी वाट अडवली आणि सगळं सांगितलं. मग एकटीच ओढ्यावर गेले. त्यात मासे आहेत का, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.