डावी बाजू क्लीनरची

होटगी रोडवर आम्ही पडलो तेव्हा मी आजोबांच्या स्कूटरवर मागे बसले होते. डावीकडून रिक्षा आली, आजोबांनी तिकडे पाहिलंच नाही. माझा गुडघा फुटला, त्यांचं कोपर सोललं. एवढ्यावर भागलं.

त्या आठवड्यात घरातले सगळेच मेंदूचे डॉक्टर झाले. काकांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता की वय झालं की माणसाला धोका कळत नाही. आत्याचं उलटं, म्हणे म्हातारी माणसं नको तितकी घाबरतात. पण स्कूटरची चावी काढून घ्यावी, यावर दोघांचं एकमत. चावी गेली की सकाळचा ट्रकच्या यार्डाजवळचा चहा आणि तिथले जुने ड्रायव्हर मित्र सुटणार, हे कुणी बोललं नाही.

शहाणपणात मीही कमी नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यातून मानसशास्त्र घेतलेलं. वही घेऊन आजोबांसमोर बसले. नक्की मिळणारा एक आंबा हवा, की नाणं उडवून तीन किंवा एकही नाही? त्यांनी दरवेळी एकच घेतला. शेवटी म्हणाले, "आंबं आणलंस का नुस्तंच इचारतीस?"

मला लाज वाटली. वही मिटून साधं विचारलं, त्या दिवशी डावीकडे का पाहिलं नाही?

 ते म्हणाले, "डावीकडं क्लीनर बघतोय की."

चाळीस वर्षं त्यांनी चादरींच्या गठ्ठ्यांचा ट्रक चालवला. डावी बाजू क्लीनरची. त्यानं दारावर थाप मारली की ट्रक पुढे घालायचा. स्कूटरवर एकटे असले की ते दोन्हीकडे बघत. मागे कुणी बसलं, की जुनी सवय जागी व्हायची. त्या दिवशी बॅग सावरताना माझा हात सीटवर थाप मारल्यासारखा आपटला होता. वय वाढलं की नव्यानं बघण्यापेक्षा सवयीवर भिस्त वाढते, असं माझ्याच पुस्तकात आहे. ते पान मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.

घरच्यांना हे सांगताना मी दोनदा अडखळले. काका हसले. "ह्ये पुस्तकात हाय व्हय?"

आजोबांनी खिशातून चावी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "पोरगी बरोबर सांगतीया. पण सवय आता निघायची न्हाय. उद्या हिच्या जागी तुझं पोरगं मागं बसलं तर?"

काकांनी चावी उचलली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन खांद्यात धरून त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि डावीउजवीकडे न बघता ते रस्त्यावर गेले. त्यांच्या मेंदूबद्दल आमच्या घरात अजून चर्चा झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा चहाला गेले नाहीत.